पावणेदोन व्होल्ट

४ मे २०२५, रविवार

नवा सर्किट बोर्ड तीन व्होल्टचा निघाला! नेमकं लिहायचं तर तीन पूर्णांक तीन. आणि पाणी मोजायचा सेन्सर पाचचा. दोघांचं जमणार कसं?

भाविका फोनवर म्हणाली, "पप्पा, डायरेक्ट नका जोडू हां. मधे लेव्हल कन्व्हर्टर लागतो. मी ऑर्डर टाकते." लेक कोपरखैरण्याला बसून बापाला शिकवते! कंपनीत तेहतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, ते काय पाट्या टाकायला?

पण तिचं बरोबर आहे. सेन्सर पाण्यावर आवाज सोडतो, आवाज परत आला की एका तारेवर पाच व्होल्टची खूण करतो. बोर्डाच्या पिनला झेपतात तीन. वरचे पावणेदोन कुठे जाणार? पिनच्याच बोकांडी बसणार. कन्व्हर्टर म्हणजे नखाएवढी पट्टी. एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला तीन, आणि निरोप तोच. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या उघाडीचं दार असतं तसं. फरक एवढाच की उघाडी फक्त आतलं पाणी बाहेर सोडते, हे दार दोन्हीकडून चालतं.

हिला जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी टेबलावर दिवा लावून तारा जोडत बसलो की घर तेवढं रिकामं वाटत नाही.

१८ मे, रविवार

दादाकडे गेलो. चंदरदादाला पावसाळ्याच्या आत वचन द्यायला लावायचं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये उधाणाच्या दिवशी तो बांधावरच कोसळला. छातीत स्टेंट पडला. डॉक्टरांनी वहिनीसमोर सांगितलं— चिखलात धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पण दादाला कोण सांगणार? आमच्या खारेपाटात प्रत्येक घराचा बांधाचा तुकडा ठरलेला. अमावास्या-पौर्णिमेला खाडी चढली की घरातल्या मोठ्या माणसाने घमेलं घेऊन आपल्या तुकड्यावर उभं राहायचं. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की लगेच चिखलाचा गोळा दाबायचा. तेव्हा एक गोळा पुरतो. अर्ध्या तासाने शंभर माणसं पुरत नाहीत, बांध फुटतो, खांड जाते. बांधाच्या या सामाईक राखणीला जोळ म्हणतात. आजोबांच्या वेळेला जोळात साठ घरं होती. आता सात. बाकीचे कंपनीत नाहीतर ट्रकवर. त्यांच्या शेतांत खारफुटी उगवलीय.

दादाला समजावलं. खांबावर यंत्र लावतो. ते आतल्या चरातलं पाणी बघत राहील. पावसाचं पाणी हळू चढतं, भोकाचं भराभर. वीतभर चढलं की तुझ्या घरात हॉर्न वाजेल. मग तू फक्त फोन करायचा. मी, आणि जोळातले अल्पेश, बाळाजी— आम्ही जाऊ.

दादा म्हणाला, "मना यंत्रातला काय कलत नाय, दया. पन तू बोलतंस त वाजंपरत घरान बसतो."

ठमावहिनी दारात उभी होती. म्हणाली, "नुसता बोलू नको. देवाची आन घे."

घेतली!

९ जून, सोमवार

पार्सल आलं. आत कन्व्हर्टर नाही— मोबाइल चार्जिंगच्या पट्ट्या! परत पाठवलं. दुसरा यायला पंधरा दिवस, म्हणे.

११ जून, बुधवार

टेबलावर थेट जोडून पाहिलं. बादलीत पाणी ओतलं— आकडा बरोबर. काढलं— बरोबर. चार तास चालू ठेवलं, पिन गरमसुद्धा होत नाही.

दोन रेझिस्टर लावूनही भागलं असतं, हे मला कळत नाही असं नाही. पण ते पुन्हा उकलून सोल्डर करायचं, डबीचं झाकण पुन्हा सीलबंद करायचं... उधाण पंचवीस तारखेला. कन्व्हर्टर आला की बदलू.

२० जून, शुक्रवार

खांब रोवला. अल्पेशने ट्रकची सुट्टी काढून मदत केली. त्याचं शेत दादाच्या शेताला लागून आहे. गुडघाभर चिखल, पाठ गेली कामातून. वर सोलर पट्टी, खाली डबी. हॉर्न दादाच्या स्वयंपाकघरात. त्याच्याच घराला बांध समोरासमोर दिसतो, माझ्या घरापर्यंत डबीतला बिनतारी रेडिओ पोचत नाही.

भाविकाने विचारलं, "कन्व्हर्टर लावलात ना?"

म्हटलं, लावतो.

खोटं नाही बोललो. खरंही नाही.

२६ जून, गुरुवार

वाजलं!!

दुपारी एकला. जोरदार उधाण, वर पाऊस. मी जेवत होतो, तेवढ्यात अल्पेशचा फोन— "काका, तुमचा भोंगा वाजतो, आन चंदरकाका घमेला घेवून धावला!" हातातला घास टाकून पळालो. पोचलो तोवर दादाने भोक बुजवलंही होतं. मनगट जाईल एवढं. बांधावर बसला होता, ओठ निळे, आणि हसत होता! "दया, तुजा यंत्र बेस हाय रे!"

फोन करायचा ठरला होता. केला नाही. पण बांध वाचला! जोळातल्या सगळ्यांनी पाठ थोपटली. बाळाजी म्हणाला, "सरकारला जमला नाय ता दयारामान केला." मी आपला हवेत.

वहिनीने दादाच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि त्याचे पाय पुसत बसली. माझ्याकडे बघितलं नाही. दमली असेल.

२ जुलै, बुधवार

भाविका पुन्हा मागे लागली. मी सांगितलं, पाच उधाणं पाहिलेला बोर्ड आहे. (एकच पाहिलंय.) आमच्या प्लँटमध्ये एक नियम होता— चालू मशीनला हात लावायचा नाही. उघडलं की बिघडलं.

ती म्हणाली, "पप्पा, चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नसतं. पिन हळूहळू मरते. एक दिवस आकडा तोच तोच दाखवत बसेल आणि तुम्हाला कळणार पण नाही."

हुशार आहे. आईवर गेलीय.

१६ जुलै, बुधवार

दादाच्या शेतात लावणी आटोपली. दोन एकर, सगळं हिरवंगार. आजकाल मजूर मिळत नाहीत, तेव्हा वहिनी आणि मी पण वाकलो. एकसष्टाव्या वर्षी आवणाची रोपं लावणं म्हणजे कमरेची परीक्षाच! दादा बांधावर बसून देखरेख करत होता. त्याला तेवढंही सहन होत नव्हतं— दर दहा मिनिटांनी एक पाय चिखलात. वहिनी ओरडायची, तो पाय काढायचा.

हे शेत आजोबांनी खाडीतून काढलं. बांध घालून, टोपलीटोपलीने. दादा ते विकत नाही, भाड्याने देत नाही. गोदामवाले दोनदा येऊन गेले. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

२३ जुलै, बुधवार

भाविकाचा निरोप: "मी तरी मागवलाच आहे. पोयनाडला कुरियरवाल्याकडे येईल. आणा आणि लावा!" उद्या-परवा उधाण सुरू. आता डबी उघडणं नको. अमावास्या उलटली की लावतो.

२५ जुलै, शुक्रवार

खांड गेली.

२६ जुलै, शनिवार

काल लिहवलं नाही. आज लिहून ठेवतो.

मी पोयनाडला होतो. कन्व्हर्टर घ्यायला! कुरियरवाला जेवायला गेला होता, त्याची वाट बघत बाकड्यावर बसलो होतो. दीडच्या सुमाराला अल्पेशचा फोन. "काका, खांड गेली. चालीस फुटाची. सगला गेला." मी विचारलं, हॉर्न? "वाजलाच नाय."

आलो तेव्हा खाडी शेतात उभी होती. नऊ दिवसांची लावणी पाण्याखाली. आवणाची टोकंसुद्धा दिसेनात. दादाचे दोन एकर, अल्पेशचं दीड, बाळाजीचं एक. खांब आडवा, डबी कुठे पत्ता नाही.

दादा ओट्यावर बसला होता. बांधाकडे पाठ करून. म्हणाला, "मी वाट बघत व्हतो, दया. कान तिकडंच व्हता. आन घेतलेली. वाजला नाय म्हनून बसून रायलो."

खारं पाणी शिरलेल्या जमिनीत तीन वर्षं भात होत नाही. चौथ्या वर्षी झालं तर झालं. दादा अडुसष्टचा आहे.

 

२७ जुलै, रविवार

ओहोटीला डबी सापडली. चिखलात, झाकण फुटलेलं. घरी आणून धुतली. मल्टिमीटर लावला. बाकीच्या पिना कशाबशा बोलतात. सेन्सरची पिन मेली आहे. नेमकी तीच. थेट जोडलेली.

भाविका म्हणाली होती अगदी तसंच. आकडा तोच तोच दाखवत बसला असणार. चर भरत होता आणि माझं यंत्र सांगत होतं, सगळं ठीक.

आतमध्ये मेमरी कार्ड होतं, दर मिनिटाची नोंद ठेवणारं. त्याच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्यात, काही वाचता येत नाही. तांदळाच्या डब्यात टाकून ठेवलं.

कन्व्हर्टर टेबलावर आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

२८ जुलै, सोमवार

सांगून टाकलं.

रात्रभर विचार केला, न सांगितलं तर कोणाला कळणार आहे? गावात जो तो खेकड्यांना शिव्या घालतोय, उधाणाला, बांधाला दगड न घालणाऱ्या सरकारला. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. उलट बाळाजी म्हणाला, "यंत्राला काय, मान्सा पन चुकतात." पण ते ऐकवेना. आपण केलेलं आपण सांगावं. कंपनीतही लॉगबुकात माझी चूक मी स्वतःच लिहायचो.

ओट्यावर दादा, अल्पेश, बाळाजी बसले होते. उभ्यानेच सांगितलं. सेन्सर पाचचा, बोर्ड तीनचा, मधला तुकडा लावायचा होता, मी लावला नाही. कंटाळा केला. लेक सांगत होती, ऐकलं नाही.

दादाने विचारलं, "किती फरक?"

"पावणेदोन व्होल्ट."

"तेवढ्यान पिन जलते?"

"जळते. लगेच नाही. हळूहळू."

 दादा म्हणाला, "पावनेदोन." उठला आणि आत गेला. अल्पेश खाली मान घालून बसला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तिथेच उभी राहिली. चहा कोणी घेतला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दादा बोलत नाही. समोरून आला तर वाट बदलतो. साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लहानपणी मी त्याची होडी बुडवली होती, तेव्हासुद्धा संध्याकाळी हाक मारली होती त्याने— "दया, जेवाला चल."

७ ऑगस्ट, गुरुवार

वहिनी रोज डबा पाठवते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. आज स्वतः घेऊन आली. म्हटलं, वहिनी, कशाला? तुमचं नुकसान करून वर तुमचंच जेवू? ती म्हणाली, "जेवा भावजी. माज्यासाठी जेवा." आणि डोळे पुसत गेली.

एवढं चांगलं वागू नये कोणी. 

१२ ऑगस्ट, मंगळवार

नवं यंत्र बांधायला घेतलं. बोर्ड नवा, सेन्सर नवा, मध्ये कन्व्हर्टर. पाचचं अंग पाचला, तीनचं अंग तीनला, जमीन, म्हणजे ग्राउंडची तार, दोघांची एक. मल्टिमीटर लावून पाहिलं— इकडे पाच, तिकडे तीन पूर्णांक तीन. काटेकोर. जोडायला वीस मिनिटं लागली.

वीस मिनिटं!

खांड अजून उघडीच आहे. आता राखायचंय तरी काय? पण हाताला दुसरं काम सुचत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती दादाकडेच बसतो, थोरल्याच्या घरी. जावं की नाही? सकाळी दहापर्यंत सदरा घालून नुसता बसून होतो. शेवटी भाविका हाताला धरून घेऊन गेली.

आरतीला दादाशेजारी उभा राहिलो. पूर्वी टाळ तो माझ्या हातात द्यायचा. आज अल्पेशला दिला. प्रसाद मात्र दिला, न बघता. खूप वाळलाय. वहिनी म्हणते, जेवत नाही, नुसता दारात बसून राहतो. दुपारी पाण्याखालच्या शेताकडे बघत बसतो, कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही त्याला.

मीच केलं हे. माझ्या भावाला मी आतून मोडलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती गेले. भाविकाही गेली. जाताना कार्ड वाचायची डबी आणि स्पिरिटची बाटली ठेवून गेली. "बघा प्रयत्न करून, पप्पा. निदान कधी बिघडलं ते कळेल." काय कळून उपयोग?

४ सप्टेंबर, गुरुवार

कार्ड वाचलं गेलं.

स्पिरिटने पट्ट्या पुसल्या. सहाव्यांदा कॉम्प्युटरवर यादी उघडली. पंचवीस जुलैपाशी गेलो. तोच तोच आकडा बघायला लागणार, हे धरूनच चाललो होतो.

आकडा तोच नव्हता! मिनिटामिनिटाला बदलत होता. बारा पंचवीसला चर शांत. अठ्ठावीसला चार बोटं वर. एकतीसला वीतभर. यंत्राने निरोप पाठवला. एक वाजून सहा मिनिटांपर्यंत, खांब आडवा होईतोवर, पाणी चढत गेल्याची एकेक नोंद आहे. पिन जिवंत होती. शेवटच्या मिनिटापर्यंत! मेली ती नंतर, खाऱ्या पाण्यात पडून.

चार वेळा वाचलं. मग चक्क रडलो. माझ्यामुळे नाही गेलं शेत!

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि रडू थांबलं. निरोप मिळाला की हॉर्न उलट कळवतो— पोचला. बारा एकतीसला तशी नोंद आहे. पोचला. म्हणजे हॉर्न वाजला! बत्तिसाव्या मिनिटाला यंत्राने पुन्हा निरोप पाठवला. उत्तर नाही. तेहतीस, उत्तर नाही. शेवटपर्यंत नाही.

लाइट गेली असणार दादाकडे. नेमकी त्याच मिनिटाला. हॉर्नला बॅटरी लावायला हवी होती. उद्या वहिनीला विचारतो आणि मग दादाला ही यादीच कागदावर उतरवून दाखवतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लाइट गेली नव्हती.

वहिनी भाकऱ्या थापत होती. मी विचारलं तसे तिचे हात थांबले. म्हणाली, "ते मागं तल्यावर गेल्ते. वाजला तसा मी भोंग्याचा पलग काढला." मग पदराने तोंड दाबून, "जूनला आनला तवा ओठ निले व्हते, भावजी. पुन्ना धावले असते त परत आले नसते. शेत तीन वरसांनी येल. ह्यो मानूस कुठून आनू?"

राग आला. खूप आला. सव्वा महिना मी जळतोय आणि ही मला भाकऱ्या पाठवते! बोलायला तोंड उघडलं, पण तिने तोंडावरचा पदर अजून काढला नव्हता.

बाहेर आलो. दादा ओट्यावर होता. खिशात यादीचा कागद होता माझ्या. सव्वा महिन्यात तो पहिल्यांदा बोलला. "काय रे? काय इचारत व्हतास तिला?"

म्हटलं, "काही नाही, दादा. पिनच जळली होती."

त्याने सरकून ओट्यावर जागा केली. "बस."

बसलो.

घरी येऊन कागद आणि कार्ड, दोन्ही चुलीत घातलं.